एक कॉइल की दोन?

जालन्यात कॉइल म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती गाडीवर टाकून वाइंडिंगच्या दुकानात आणतो. कारागीर काळी पडलेली तार उपसून काढतो, गेज बघतो, वेढे मोजतो आणि नव्या तांब्याच्या तारेचे तेवढेच वेढे पुन्हा भरतो. एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्ट्यांभोवतीही कॉइलच असते. फक्त ती तारेची नसते, तांब्याच्या पोकळ नळीची असते आणि तिच्यातून सतत पाणी खेळवावं लागतं. कॉइलमधून भराभर दिशा बदलणारी वीज गेली की आतल्या भंगारात वीज उमटते, त्या विजेच्या उष्णतेनं लोखंड वितळतं आणि पुढे त्याच्या सळया होतात. या जिल्ह्याचं पाणी आणि पोलाद, दोन्ही कॉइलच्या भरवशावर आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटातही कॉइल असते. तिथं खेळ मात्र उलटा चालतो. भट्टीत वीज दिली जाते आणि पोलाद तापतं. गिटारमध्ये पोलादाची तार हलते आणि वीज मिळते. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलेलं तत्त्व दोन्हीकडे तेच आहे: कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात वीज निर्माण होते. गिटारमधल्या या छोट्या यंत्राला पिकअप म्हणतात. त्यात एक कॉइल असावी की दोन, या प्रश्नाभोवती जगभरच्या गिटारवादकांची आवड गेली सत्तर वर्षं हेलकावे खाते आहे. या प्रकरणात त्या हेलकाव्यांची कारणं पाहू. माझ्या मते त्यातलं प्रत्येक वळण एकाच सौद्यातून आलेलं आहे: आवाजातला दोष काढायचा, तर त्याच्याबरोबर किती गुण सोडून द्यायचा?

केसाएवढी तार, एक किलोमीटर

बिघडलेला एक पिकअप मी एकदा अशाच वाइंडिंगच्या दुकानात नेला होता. कारागिरानं तो उलटसुलट करून पाहिला, कडेची फीत सोडली आणि तार नखानं उचलायचा प्रयत्न केला. ती दिसेचना. मग त्यानं पिकअप उजेडाकडे धरला, तेव्हा कुठं तांब्याची चमक डोळ्यांत भरली. मोटरमध्ये भरायच्या तारेची सवय असलेल्या हाताला ही तार म्हणजे कोळ्याचं जाळं वाटावं. त्यानं मल्टिमीटरची दोन टोकं लावली. काटा हलला नाही. "आत कुठंतरी तुटलीय," तो म्हणाला, "आणि एवढ्या बारकीत शोधणार कुठं?"

त्याचं बरोबर होतं. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमधल्या पिकअपची तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाएवढी असते. तिचे साडेसात ते आठ हजार वेढे असतात. पिकअप उलगडून तार सरळ केली तर ती सुमारे एक किलोमीटर भरते. मल्टिमीटरवर तिचा रोध सहा हजार ओहमच्या आसपास दिसतो. या वेढ्यांच्या मधोमध सहा लहान चुंबक उभे असतात, प्रत्येक तारेखाली एक. चुंबकामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबक बनते. तार छेडली की ती चुंबकत्व घेऊन हलते, कॉइलमधलं क्षेत्र तिच्या तालावर कमीजास्त होतं आणि कॉइलच्या टोकांशी मिलिव्होल्टांत मोजायची वीज तीच लय घेऊन निघते. पुढचं काम ॲम्प्लिफायरचं.

अशी एकच कॉइल असलेला पिकअप म्हणजे सिंगल कॉइल. पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार, १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', याच तत्त्वावर चालत होती. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. जॉर्ज बीचम या वादकानं ती घडवली, कारण मोठ्या वाद्यवृंदात त्याची गिटार ऐकूच येत नसे. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलिकास्टर आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणणारा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण वादकांचं म्हणणं ऐकून घेण्याचा त्याचा कान तयार होता. सिंगल कॉइलचा स्वर काचेसारखा स्वच्छ होता. नखाचा आघात, बोटाचं घसटणं, तारेची खणखण, सगळं त्यातून थेट पुढे जायचं.

पांढरी पाचचा हम

या स्वच्छ स्वराला एक खोड होती. कॉइलला गिटारची तार आणि भिंतीतली वायर यांतला फरक कळत नाही. जिथं जिथं दिशा बदलणारी वीज वाहते, तिथं तिथं बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि कॉइल तेही इमानदारीनं वीज करून ॲम्प्लिफायरकडे पाठवते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. हार्मोनियमशी लावून पाहिलं तर हा स्वर जवळजवळ पांढरी पाचचा आहे, फक्त फार खालच्या सप्तकातला, गिटारच्या सर्वांत जाड तारेच्याही खालचा. त्याच्याबरोबर १०० आणि त्यापुढची आवर्तनंही येतात, म्हणून तो 'घूं' असा कानाला लागतो. यालाच हम म्हणतात. अमेरिकेत विजेची ६० आवर्तनं असतात. तिथल्या वादकांचा हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठंतरी पडतो. म्हणजे देश बदलला की हमची पट्टीही बदलू शकते.

मराठवाड्यात गणेशोत्सवाच्या स्टेजवर उभा राहिलेला कुणीही हा हम ओळखतो. कळ दाबून वाजवायचा आपला बेंजोही याच वर्गातला. जपानात १९१२ साली जन्मलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज आहे, आणि तारांखाली पिकअप बसवून तो मिरवणुकीत गरजतो, तेव्हा कॉइलच बोलत असते. लहानपणी मी पाहिलेल्या एका ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याच्या डोक्यावरचे रंगीत दिवे मंद-तेज करायला डिमर लावला होता. डिमर विजेची लाट मधेच कापतो, त्यामुळे तिच्यात टोकदार कंगोरे तयार होतात. दिवे मंद झाले की हमचा 'घूं' बदलून 'झर्रर्र' व्हायचा. हार्मोनियम थांबलं, ढोलकी थांबली, निवेदक बोलायला उभा राहिला, तरी ती झर्रर्र चालूच. तेव्हा वाटलं की वाद्य बिघडलं आहे. पुढे कळलं की वाद्य अगदी नीट काम करत होतं. स्टेजवरची सगळी वीज ते ऐकत होतं.

इथं एक फरक ध्यानात ठेवायला हवा. हम दोन वाटांनी येतो. चुंबकीय वाटेनं येणारा हम गिटारची दिशा बदलली की कमीजास्त होतो. विद्युत क्षेत्राच्या वाटेनं येणारी करकर गिटारच्या तारांना हात लावला की कमी होते, कारण तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारावर उपाय म्हणजे गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवणं आणि अर्थिंग पक्कं करणं. पहिल्या प्रकारावर पट्टीचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी वेगळी युक्ती लागली.

उलट्याचं उलट

ती युक्ती मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावी, गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी केली. तेही मूळचे रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. त्यांनी शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवल्या. एकीच्या चुंबकाचा उत्तर ध्रुव वर, दुसरीचा दक्षिण ध्रुव वर. आणि दोन्हींची जोडणी एकमेकींच्या उलट.

आता बघा काय होतं. भिंतीतल्या वायरीकडून येणारा हम दोन्ही कॉइलमध्ये सारखाच उमटतो. जोडणी उलटी असल्यामुळे एकीचा हम अधिक, दुसरीचा वजा, आणि बेरीज जवळजवळ शून्य. गिटारच्या तारेचा स्वर मात्र चुंबकाच्या मदतीनं उमटतो. दुसऱ्या कॉइलचा चुंबक उलटा असल्यामुळे स्वर तिथं आधीच उलटा होतो आणि उलट्या जोडणीनं पुन्हा उलटा होतो. उलट्याचं उलट म्हणजे सुलट. म्हणून दोन्ही कॉइलचे स्वर एकमेकांत मिसळून वाढतात. हम कटतो आणि स्वर जाड होतो. म्हणून नाव हमबकर, हमला धुडकावणारा.

लव्हर यांनी पेटंटचा अर्ज जून १९५५ मध्ये केला आणि जुलै १९५९ मध्ये ते मिळालं. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवली जात असे. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पिकअप आजही 'पीएएफ' म्हणून ओळखले जातात. त्याच सुमारास रे बट्स नावाच्या तंत्रज्ञानं स्वतंत्रपणे असाच पिकअप तयार केला आणि तो ग्रेच कंपनीच्या गिटारींवर बसला. गरज इतकी उघड होती की दोन जणांना उत्तर एकाच वेळी सापडलं.

१९५७ पासून गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर हमबकर बसू लागले. तरी लगेच काही क्रांती झाली नाही. ती गिटार जड आणि महाग होती, खप घसरत होता, आणि १९६० नंतर कंपनीनं तिचा तो मूळ आकारच बंद केला.

हमबरोबर काय गेलं?

हम गेला तर सगळ्यांनी लगेच हमबकर का घेतला नाही? कारण हमबरोबर थोडी खणखणही गेली होती.

दोन कॉइल तारेला दोन ठिकाणी ऐकतात. त्या ठिकाणांमध्ये सुमारे १८ मिलिमीटर अंतर असतं. खालच्या स्वरांच्या लाटा लांब असतात, त्यामुळे दोन्ही ठिकाणी तार एकाच बाजूला झुकलेली असते. वरच्या, टोकदार स्वरांशांच्या लाटा मात्र आखूड असतात. एका ठिकाणी तार वर गेलेली असते तेव्हा दुसऱ्या ठिकाणी ती खाली असू शकते, आणि तो अंश आपसातच कटतो. शिवाय दोन कॉइल एकामागे एक जोडल्यावर त्यांचं प्रेरकत्व वाढतं. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचं ते साधारण अडीच हेन्री असतं, पीएएफचं चार ते पाच. प्रेरकत्व वाढलं की पिकअप जिथं सर्वांत तेज बोलतो ती जागा खालच्या स्वरांकडे सरकते. हमबकरचा गोल, भरीव, थोडा खोलगट स्वर इथून येतो. सिंगल कॉइलची चमक आणि हमबकरचा भरदारपणा एकाच तारेतून, एकाच बोटातून निघतात. कोणता भाग पुढे न्यायचा हे कॉइल ठरवते.

म्हणून मी याला सौदा म्हणतो. आणि सौद्यात कोणतं पारडं जड होणार, हे वादकापेक्षा त्याच्याभोवतीची परिस्थिती जास्त ठरवते: स्टेज केवढा, ॲम्प्लिफायर कोणता, गाणं कोणतं.

पारडी कशी हलली

साठच्या दशकात ॲम्प्लिफायर मोठे झाले आणि वादक ते कमाल आवाजावर वाजवू लागले. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टननं जॉन मेयॉल यांच्या बँडबरोबरच्या तबकडीत लेस पॉल गिटार मार्शल ॲम्प्लिफायरला जोडून वाजवली. हमबकरचा जाड स्वर ॲम्प्लिफायरला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलत होता, आणि तिथं स्वर फाटत नव्हता, गात होता. ज्या गिटारला कंपनीनं काही वर्षांपूर्वी निरोप दिला होता, तीच जुन्या बाजारात लोक शोधू लागले. १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा काढावी लागली.

दुसऱ्या पारड्यात तेवढंच मोठं नाव बसलं. जिमी हेंड्रिक्सनं १९६७ मध्ये मॉन्टेरे इथं आणि १९६९ मध्ये वुडस्टॉक इथं स्ट्रॅटोकास्टर वाजवली. तिचा हम त्याच्या आवाजाचाच भाग होऊन गेला. आणि खुद्द क्लॅप्टन? १९७० पर्यंत तोही स्ट्रॅटोकास्टरकडे वळला होता. तंत्रज्ञही पक्षाला बांधलेले नव्हते. लिओ फेंडरनं १९५७ मध्ये आपल्या बेस गिटारसाठी दोन तुकड्यांत विभागलेला, हम कापणारा पिकअप केला होता. सेथ लव्हर १९६७ मध्ये फेंडरकडे गेले आणि तिथं त्यांनी फेंडरसाठी नवा हमबकर घडवला.

सत्तरच्या दशकात एक मोठा बदल झाला: पिकअप गिटारपासून वेगळा विकला जाऊ लागला. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओ यांनी 'सुपर डिस्टॉर्शन' हा जास्त ताकदीचा हमबकर काढला, आणि १९७६ च्या सुमारास सेमूर डंकन यांची कंपनी उभी राहिली. आता गिटार न बदलता तिचा कंठ बदलता येत होता. जशी मोटर तीच ठेवून वाइंडिंग नवं करावं, तसंच.

याचा कळस १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलेनच्या पहिल्या तबकडीत दिसला. त्यानं स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या लाकडी अंगात गिब्सनच्या गिटारमधला हमबकर बसवला. मोठ्या आवाजात सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि पिकअप किंचाळतो. त्यावर पिकअप पॅराफिनच्या मेणात बुडवून काढायचा हा उपाय होता. आपले कारागीर भरलेली मोटर वार्निशमध्ये बुडवून वाळवतात, त्यामागेही वेढे जागेवर घट्ट राहावेत हे एक कारण असतंच. ऐंशीच्या दशकातल्या असंख्य गिटारी या मिश्रणाच्या वाटेनं गेल्या: सडपातळ अंग, मागे हमबकर, पुढे एक-दोन सिंगल कॉइल.

त्याच १९७८ मध्ये मार्क नॉफ्लरनं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' या गाण्यात सिंगल कॉइलचा नितळ, बोटांनी छेडलेला स्वर घरोघरी पोचवला. १९८३ मध्ये गिटारवादक स्टीव्ही रे वॉन आला आणि जाड तारा चढवलेली स्ट्रॅटोकास्टर पुन्हा ब्लूजचं वाद्य झाली. उलट नव्वदच्या दशकात 'निर्वाणा' बँडच्या कर्ट कोबेननं फेंडरच्या नाजूक मानल्या जाणाऱ्या गिटारींत हमबकर घातले. मेटलवाल्यांनी तर बॅटरीवर चालणारे 'ॲक्टिव्ह' पिकअप स्वीकारले.

मेटलला हमबकरच का हवा, याचं कारण डिस्टॉर्शनमध्ये आहे. डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज वर काढतो, सगळ्यांना जवळजवळ एका उंचीला आणतो. स्वच्छ वादनात मागे लपलेला हम त्यात स्वराच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. मेटलमध्ये तर सगळी मजा अचानक थांबण्यात असते: दोन आघात, मग पूर्ण शांतता, मग पुन्हा आघात. त्या शांततेत 'घूं' आला की ताल मोडतो.

मुंबईपासून परतूरपर्यंत

महाराष्ट्रात ही गोष्ट दोन वाटांनी आली. एक वाट चित्रपटाची. 'कर्ज' या १९८० च्या चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतात गोरख शर्मा यांनी वाजवलेली गिटारची धून गावोगावच्या ऑर्केस्ट्रांमध्ये गिटारवाल्याची परीक्षाच बनली. त्या धुनीला स्वच्छ, एकेक स्वर वेगळा ऐकू येणारा आवाज लागतो. आजही परतूर-अंबडच्या स्टेजवर ती वाजली की लोक पहिल्या दोन स्वरांत ओळखतात.

दुसरी वाट रॉकची. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर आणि जयेश गांधी त्याचे गिटारवादक. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकचा जलसा भरू लागला. पुढे जसजसं मेटल वाढलं तसे हमबकर वाढले. दुसरीकडे शंकर-एहसान-लॉय या त्रयीतले एहसान नूरानी स्ट्रॅटोकास्टरचे वादक म्हणून ओळखले जातात. फेंडरनं त्यांच्या नावाची गिटारही काढली.

आज जालन्यातला मुलगा पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतो तेव्हा त्याच्यासमोर बहुतेक वेळा मधला रस्ता असतो: मागे एक हमबकर, पुढे दोन सिंगल कॉइल. अनेक हमबकरना आता बटण वर ओढून एकच कॉइल चालू ठेवायची सोय असते. एकावर एक कॉइल रचून हम कापणारे, पण दिसायला आणि बोलायला सिंगल कॉइलच्या जवळ जाणारे पिकअपही मिळतात. घरात हेडफोन लावून वाजवणाऱ्याला नितळ स्वर आवडू लागला आहे, कारण घरात हम सहन करण्याजोगा असतो. स्टेजवर एलईडी पडदे आणि डिमर वाढले तसं तिथलं पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं. एकच वादक घरी एक आणि स्टेजवर दुसरा पिकअप वापरतो, आणि त्यात विसंगती काही नाही.

निवड करणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. दुकानात नाही, आपल्या खोलीत, आपल्या विजेवर गिटार ऐका. आधी अर्थिंग तपासून घ्या. हा आवाजाचा जसा प्रश्न आहे तसा जिवाचाही आहे. मग न वाजवता थांबा आणि हम किती आहे ते ऐका. मग एकच तार हळू छेडा, आणि तिच्यातलं तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते ओळखा. ते एकदा ओळखलं की कॉइल एक की दोन, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं.

त्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला मला आजही आठवतो. निवेदक बोलत होता, दिवे मंद झाले होते, झर्रर्र चालू होती. त्यानं गिटार अंगाशी धरली आणि उभ्या जागी हळूहळू वळायला लागला, थोडा डावीकडे, आणखी थोडा. एका कोनात येताच झर्रर्र विरली. मग तो तसाच, प्रेक्षकांकडे जवळजवळ पाठ करून उभा राहिला आणि 'कर्ज' ची धून सुरू केली. एकेक स्वर पाण्यात पडलेल्या खड्यासारखा वेगळा ऐकू आला. कॉइलच्या दिशेचं शास्त्र त्याला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. ती खणखण त्याला हवी होती, आणि तिच्यासाठी कुठं तोंड करून उभं राहायचं हे त्यानं कानानं शोधलं होतं.